बळदाची वही

स्वयंपाकघराबाहेर पितळी भांड्यांचं कपाट आहे. त्याच्यावर एक काळी पेटी चोवीस तास चालू असते. कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला छोटा डेस्कटॉप, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड घेतलेला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण रस्ता विचारताना लॅमिंग्टनच म्हणावं लागतं.) आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. घरातले सगळे फोटो, बाबांची कागदपत्रं, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी, लेकाचे लहानपणचे व्हिडिओ, सगळं तिच्यात.

नेटवर्कवर यंत्राला नाव द्यावंच लागतं. मी ‘बळद’ दिलं. आजोळच्या घरात मातीच्या जाड भिंतीतच बळद होतं. वरून धान्य ओतायचं आणि खालचं भोक उघडून रोजच्यापुरतं काढायचं. कडुनिंबाचा पाला घालायचा, उन्हाळ्यात सगळं उपसून अंगणात वाळवायचं. आई म्हणायची, बळद भरणं एका दिवसाचं काम, राखणं वर्षाचं.

पेटीशेजारी ही शंभर पानी वही आहे. पेटीत काहीही बदललं की तारीख घालून इथे लिहायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. त्यातलीच ही टिपणं, थोडी नीट करून.

*

सुरुवात २०२१ची. त्या वर्षी १ जूनपासून गुगल फोटोजमधली फुकटची अमर्याद जागा बंद झाली. तोवर आम्ही सगळं तिथेच टाकत होतो. पैसे भरायला हरकत नव्हती. पण जे आपलं आहे ते कुठे आहे हेच आपल्याला सांगता येत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

आणि २२ जुलैला चिपळूणला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी दादाच्या तळमजल्यात शिरलं. आठवड्याभरानंतर गेले तेव्हा वहिनी गच्चीवर दोरीला फोटो लावत होती, कपडे वाळत घालावेत तसे. बरेच एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेलं की चेहराच निघून यायचा. दादाच्या मुंजीचा एकही फोटो आता नाही.

मी त्या गच्चीवर उभी असतानाच ठरवलं, उरलेलं सगळं स्कॅन करायचं आणि एकाहून जास्त गावांत ठेवायचं.

*

चार टीबीची डिस्क घेतली आणि संगणकाने ३.६४ दाखवले. लेक म्हणाला, “आई, फसवलं आपल्याला.” फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४च्या. शेरभर आणि किलोभर असा फरक.

*

वीज: प्लगला लावायचं मीटर आणून मोजलं. दोन्ही डिस्क फिरत असताना ३२ वॅटच्या आसपास. म्हणजे दिवसाला पाऊण युनिटाहून किंचित जास्त, महिन्याला २३ युनिट. हा खर्च मला मान्य आहे. डिस्क सारख्या झोपवायच्या आणि उठवायच्या हे मात्र बंद केलं. दर अर्ध्या तासाला कुणीतरी फोटो बघतं, आणि दर वेळी मोटर नव्याने सुरू होण्यात झीज जास्त.

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, असं घरच्यांनी विचारलं. लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्यात जी पापणी लवते, तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. आमचा होत होता. नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं, एका महिन्यात सात वेळा. आता मध्ये छोटा यूपीएस आहे आणि तो यूएसबीच्या तारेने पेटीशी बोलतो. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की पेटी स्वतः नीट बंद होते. ही तार लावायला लोक विसरतात. तारेविना यूपीएस म्हणजे फक्त पंधरा मिनिटांची उधारी.

*

पेटी चालवते ती ओपनमीडियाव्हॉल्ट ही व्यवस्था. वंशावळ लिहून ठेवते, कारण मला ती आवडते. २००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी मोनोवॉल या फायरवॉलच्या सांगाड्यावर फ्रीनॅस उभं केलं, फ्रीबीएसडीवर चालणारं. त्या कामात असलेल्या फोल्कर थाइले यांना ते डेबियन लिनक्सवर न्यायचं होतं. त्यांनी वेगळी वाट धरली, तिचं नाव ओपनमीडियाव्हॉल्ट. फ्रीनॅसही आटलं नाही. २०२०मध्ये त्याचं ट्रूनॅस झालं आणि पुढे त्याचीही एक शाखा लिनक्सवर आली. दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांचीही शेतं पिकली.

डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात, ओपनमीडियाव्हॉल्टच्या आवृत्त्यांना ‘ड्यून’ कादंबऱ्यांमधली. सहावी शैतान, सातवी सँडवर्म. वहीत आकड्याऐवजी नाव लिहिलं की कधी काय केलं ते पटकन आठवतं.

*

डिस्कवर लिहिलेलं जसंच्या तसं राहतं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. एखादा बिट उलटतो, आणि डिस्क ‘सगळं ठीक’ म्हणत चुकीचंच परत देते. फोटो उघडतो, पण खालच्या अर्ध्या भागावर राखाडी पट्टा.

यासाठी मी झेडएफएस निवडलं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी घडवलेली ही फाइल व्यवस्था, २००५मध्ये तिचा कोड खुला झाला. प्रत्येक तुकड्याबरोबर ती त्याची पडताळणीची खूण ठेवते, आणि तीही त्या तुकड्यात नाही, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या तुकड्यात. वाचताना खूण जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत काढते आणि पहिलीवरची दुरुस्त करते. पण हे होतं वाचताना. जी फाइल पाच वर्षं कुणी उघडलीच नाही तिचं काय? त्यासाठी महिन्यातून एकदा सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायचं. डेबियनमध्ये हे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होतं.

आईला मी सांगितलं की आज पेटी रात्रभर कुरकुर करेल, सगळं वाचून बघणार आहे. ती म्हणाली, “म्हणजे धान्याला ऊन दाखवायचं.” तेव्हापासून आमच्या घरात त्याला ऊन दाखवणं असंच म्हणतात. आमच्या साठ्याला पाच तास लागतात.

*

अपडेट.

दोन टोकांची माणसं मला भेटली आहेत. एक, जी अपडेट आलं की त्याच मिनिटाला टाकतात. दुसरी, जी ‘चाललंय ना, मग हात लावू नका’ म्हणतात. दुसऱ्यांचं मला कळतं. चाललेल्या गोष्टीला हात लावायची भीती खरी असते. पण २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. दोन महिने ती पडून होती. ते आठवलं की मी अपडेट टाकायला बसते.

माझी पद्धत अशी. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या आपोआप. बाकीच्या, महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी सकाळी. ऊन दाखवून झालेलं असतं, म्हणजे साठा निरोगी आहे हे माहीत असतं, आणि पुढे दीड दिवस हाताशी असतो. रात्री कधीच नाही. मुख्य आवृत्ती बदलायची असेल तर दोन महिने थांबून. सँडवर्म २०२४च्या मार्चमध्ये आली, मी मेमध्ये घेतली.

मोठ्या बदलाआधी सिस्टिमच्या छोट्या एसएसडीची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर काढते. बिघडलं तर चार स्क्रू काढून जुनी लावायची. हे सगळ्यांत स्वस्त औषध आहे. ओपनमीडियाव्हॉल्ट सिस्टिमसाठी आख्खी डिस्क मागते आणि विदा, म्हणजे आपलं खरं धन, वेगळ्या डिस्कवर ठेवायला लावते. पहिल्यांदा मला हे उधळेपण वाटलं होतं. आता तोच तिचा मोठा गुण वाटतो.

आणि एक: आवृत्ती बदलायचा आदेश ब्राउझरच्या खिडकीतून देऊ नये. अपडेट चालू असताना ती खिडकी दाखवणारा प्रोग्रॅमच बंद होऊन नव्याने सुरू होतो. एसएसएचने, म्हणजे आदेश टाइप करायच्या वाटेने, आत जायचं आणि टीमक्स या प्रोग्रॅममध्ये काम चालवायचं, म्हणजे वायफाय गेलं तरी पेटीतलं काम थांबत नाही. पुन्हा जोडून घेतलं की जिथे होतं तिथून दिसतं.

*

अपडेट चालू असताना मधेच पेटी प्रश्न विचारते: या फाइलमध्ये तुम्ही बदल केले आहेत, तुमची ठेवू की नवी घालू? या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. फरक दाखव म्हणून सांगता येतं. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये तर हाताने केलेले बदल टिकतही नाहीत, कारण ती आपल्या नोंदीवरून या फाइली पुन्हा लिहून काढते. जे बदलायचं ते तिच्या पानावरूनच.

*

तो शनिवार. इथे तपशीलवार लिहिते.

सकाळी नेहमीसारखी दुरुस्ती टाकली. त्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, होता. पेटी पुन्हा सुरू केली, पानही उघडलं, हिरव्या खुणा दिसल्या, आणि मी बाजारात गेले. संध्याकाळी साडेसातला लेक म्हणाला, फोटोंचं अ‍ॅप उघडत नाहीये. मी आत जाऊन साठ्याची यादी मागितली. यादी आलीच नाही, साठा कुठेच नव्हता.

हात गार पडले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि वहीत पहिलं वाक्य लिहिलं: ‘डिस्कला हात लावायचा नाही.’ घाबरलेल्या माणसाने दिलेले आदेशच बहुतेक वेळा खरं नुकसान करतात, हे मी दुसऱ्यांच्या हकिकतींतून शिकले होते.

मग शांतपणे बघितलं. दोन्ही डिस्क दिसत होत्या, त्यांची तब्येत ठीक होती. नव्हतं ते झेडएफएसच. लिनक्सच्या कर्नलचा परवाना जीपीएल आणि झेडएफएसचा सीडीडीएल. दोघांचं जमत नाही, म्हणून झेडएफएस कर्नलच्या पोटात नसतं, बाहेरून जोडलं जातं. आमच्याकडे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो जोड पेटीवरच नव्याने बांधला जात होता. या वेळचा कर्नल झेडएफएसच्या आवृत्तीच्या पुढचा होता. जोड बांधलाच गेला नाही. तसं सांगणारी ओळ सकाळच्या शेकडो ओळींत होती. मी ती वाचली नव्हती.

पेटी उचलून बाहेरच्या खोलीत नेली, टीव्हीला जोडली, कीबोर्ड लावला. सुरू होताना जी यादी येते तिच्यात जुना कर्नल अजून होता. तो निवडला. चाळीस सेकंदांत साठा परत. एकही फाइल गेलेली नव्हती.

नंतर प्रॉक्समॉक्सचा कर्नल घातला, त्यात झेडएफएस तयार जोडूनच येतं. आणि जुना कर्नल किमान दोन महिने काढून टाकायचा नाही, हे पहिल्या पानावर लिहिलं.

*

त्याच रात्रीची खरी भीती मात्र दुसरीच होती आणि ती मला साडेअकराला, झोपायला जाताना सुचली.

रोज रात्री दोनला पेटी चिपळूणला दादाकडे ठेवलेल्या डिस्कवर नक्कल पाठवते. ही नक्कल करणाऱ्या आरसिंक या प्रोग्रॅमला मी सांगून ठेवलं होतं: इथे जे नाही ते तिथूनही पूस, म्हणजे दोन्हीकडे सारखं राहील. संध्याकाळी मला काही कळलंच नसतं तर? साठा जोडलेला नाही, पण त्याच्या जागचा फोल्डर मात्र असतो, रिकामा. दोन वाजता आरसिंकने तो रिकामा फोल्डर पाहिला असता आणि चिपळूणची प्रत इमानेइतबारे रिकामी करून टाकली असती. काहीही बिघडलेलं नसताना. सांगितलं तेवढंच करत.

दिवसभर पेटीवर डॉकरमध्ये चालणारे प्रोग्रॅमही त्या रिकाम्या फोल्डरात लिहीत होते. एका डेटाबेसचा उतारा सिस्टिमच्या एसएसडीवर जाऊन बसला. साठा परत जोडल्यावर तो उतारा त्याच्याखाली झाकला गेला. दिसत नाही, पण जागा खातो. साठा तात्पुरता सोडवून तो शोधून काढावा लागला.

मी उठले आणि दिवा लावून ते बदललं. आता साठ्याच्या आत ‘आहे’ नावाची एक रिकामी फाइल आहे. रात्रीचं काम आधी ती शोधतं, सापडली तरच पुढे जातं. फोल्डर जुळते ठेवणारं सिंकथिंग आपल्या फोल्डरांत अशीच खूण ठेवतं, हे नंतर लक्षात आलं. शिवाय एका रात्रीत दोनशेहून जास्त फाइली पुसायच्या नाहीत अशी मर्यादा घातली, आणि चिपळूणला पुसलेल्या फाइली महिनाभर बाजूच्या फोल्डरात राहतात.

दोन डिस्कवर एकच गोष्ट असणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी शंभरदा वाचलं होतं. आरसा चूकही तितक्याच तत्परतेने उमटवतो. पण पोटात कळलं ते त्या रात्री.

*

झेडएफएस नवं झालं की ते सुचवतं: साठ्याचीही आवृत्ती वाढवा, नव्या सोयी मिळतील. करायचं नाही, लगेच तर नाहीच. एकदा वाढवलेला साठा जुन्या झेडएफएसला वाचता येईलच असं नसतं, आणि परत फिरायला रस्ता नाही. न वाढवल्याने मागे जायची वाट उघडी राहते.

*

हे मराठीपुरतं टिपण, बाकी कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

आजोळच्या फोटोंचं फोल्डर ‘कऱ्हाड’. एक दिवस बघते तर ‘कऱ्हाड’ दोन. नावं डोळ्यांना अगदी सारखी. एकात ३१२ फोटो, दुसऱ्यात ४०. एकाच जागी एकाच नावाची दोन फोल्डर असूच शकत नाहीत, मग ही कशी?

उत्तर ‘ऱ’मध्ये होतं. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे. पण तेच ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं, आणि दोन्ही समान मानावेत असं युनिकोड सांगतं. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था नावातली जोडलेली अक्षरं फोडून ठेवायची. तिथून आरसिंकने आणलेल्या फोल्डरात नुक्ता वेगळा आला. लिनक्स मात्र नाव म्हणजे नुसते बाइट समजतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं.

महिन्याभराने तिसरं ‘कऱ्हाड’ आलं! एका फोनवरच्या कीबोर्डाने अर्धा र ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक सांधा असा लिहिला होता. हा प्रकार युनिकोडच्या समानतेतही बसत नाही, त्यामुळे नावं एकसारखी करणाऱ्या हत्यारालाही तो समजत नाही. हातानेच शोधावं लागतं.

वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, दुसऱ्या. मराठीत हे सगळीकडे आहे. ज्यांच्या फाइली मराठीत आहेत त्यांनी एकदा तपासून बघावं.

*

याच ओळीतलं आणखी एक. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. म्हणजे आपल्याला ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘स्वातंत्र्य’ हा एक शब्द ३३ बाइटचा. बाबांनी फाइलींना नावं देताना पूर्ण वाक्यं लिहिली होती, कार्यक्रम, स्थळ, पाहुणे, तिथी. त्यातल्या अकरा फाइली नक्कल होताना मागे राहिल्या होत्या. नावं मी आखूड केली आणि मूळ नाव प्रत्येक फोल्डरात एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलं. ती तिथीसुद्धा बाबांच्याच हातची आहे.

*

बाबांच्या स्मरणिका पेजमेकरमध्ये आहेत, १९९८च्या पुढच्या, श्रीलिपीत केलेल्या. फाइल शाबूत आहे. झेडएफएस शपथेवर सांगेल की एक बिट हललेला नाही. उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी आपापली होती. मजकूर म्हणून जे साठवलं जायचं ते ‘क’ नव्हतंच, ‘क’ जिथे काढलेला आहे त्या खणाचा क्रमांक होता. हे खण ज्याचे तो फॉन्ट. तो हरवला की मजकूरही हरवला.

आता प्रत्येक स्मरणिकेच्या फोल्डरात चार गोष्टी: मूळ फाइल, तिचा फॉन्ट, पानं जशी दिसतात तशी पीडीएफ, आणि युनिकोडमध्ये बदलून, डोळ्यांखालून घातलेला मजकूर. शेवटच्याला फार वेळ लागतो. बदलणारा प्रोग्रॅम रफार आणि जोडाक्षरं चुकवतो. वर्षाला तीन स्मरणिका होतात. अजून नऊ बाकी.

महाराष्ट्रात दिवाळी अंक काढणाऱ्या कितीतरी लहान मंडळींकडे सीडींवर असंच पडून असेल. सीडी वाचता येते आहे तोवर निदान फॉन्टसकट उतरवून घ्या, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

*

ओव्या. आजीने जात्यावर बसून म्हटलेल्या, मामाने १९८६मध्ये टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या चार कॅसेटी. सीडीच्या दर्जाने उतरवलं की मिनिटाला दहा एमबीच्या वर जातात, तासाभराची कॅसेट सहाशेच्या पुढे. फ्लॅकमध्ये बांधली की साधारण निम्मी होते, आणि उलगडली की मूळ ध्वनी तंतोतंत तोच. एमपी३ ऐकायला ठेवावं, जपायला नाही.

पुण्यात गी पॉइतवॅ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामापुढे माझ्या चार कॅसेटी म्हणजे ओंजळभर दाणे. पण आजीच्या ओव्यांत माझ्या आईचं नाव आहे.

*

चिपळूणची प्रत. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने सांगितलेला हिशोब जगभर चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. पुराने मला तिसरा भाग आधी शिकवला. पुण्यात आमच्या घरी असलेली पेटी आणि तिच्याच शेजारी ठेवलेली डिस्क ही एकच जागा.

दादाकडे दुसऱ्या मजल्यावर, माळ्याच्या उंचीवर रास्पबेरी पाय हा एक चिमुकला संगणक आणि यूएसबीची डिस्क आहे. पहिली भरती इंटरनेटवरून करायची म्हटली तर १.६ टीबीला आमच्या वेगाने सात दिवस सलग लागले असते. मी डिस्क घरी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीने कुंभार्ली घाट उतरून घेऊन गेले. त्यानंतर रोज फक्त बदललेलं जातं. आरसिंक दोन्हीकडच्या फाइलींच्या तुकड्यांच्या खुणा ताडून बघतं आणि नसलेले तुकडेच पाठवतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी हे १९९६मध्ये लिहिलं. विंडोजच्या संगणकांना आमची पेटी दिसते ती सांबामुळे, तेही ट्रिजेलनेच कॅनबेऱ्यात सुरू केलेलं. त्या माणसाचे आमच्या घरावर रोजचे उपकार आहेत.

कोकणात दमट हवा आणि मुंग्या हे दोन शत्रू. मुंग्या उबेला अ‍ॅडाप्टरमध्ये शिरतात. दादा दर महिन्याला बघतो.

*

लेक आता श्टुटगार्टला असतो. त्याला घरचं बघता यावं म्हणून राउटरमध्ये बाहेरून दार उघडावं, असं कुणीतरी सुचवलं. अशी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र असतात. २०२१च्या जूनमध्ये अनेकांच्या घरातल्या, कंपनीने अपडेट द्यायचं केव्हाच थांबवलेल्या साठवण-पेट्या बाहेरून कुणीतरी कोऱ्या करून टाकल्या. त्या माणसांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. पेटी लावली होती आणि ती चालू होती.

आम्ही त्याऐवजी वायरगार्डचा बंदिस्त बोगदा वापरतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांत राउटरला खरा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल तर समजावं की शेकडो घरं मिळून एकच पत्ता वापरताहेत, बाहेरून थेट येता येणार नाही. मग टेलस्केलसारखा मध्यस्थ लागतो, किंवा ज्यादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता.

*

गुगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. त्यातल्या दोन गोष्टी मी वहीत वर लिहून ठेवल्यात. तपासणीत पहिला दोष दिसला की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता ३९ पट. आणि मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्तींनी तापमान सोडून कुठलीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे सूचना आली तर त्याच आठवड्यात डिस्क बदलायची. आणि नाही आली म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

आमच्या एका डिस्कवर मागच्या मार्गशीर्षात वाचता न येणारे आठ सेक्टर दिसले. ती काढली. नवी भरायला सहा तास लागले. त्या सहा तासांत सगळं एकाच डिस्कवर होतं आणि मी घराबाहेर पडले नाही.

नवी घेताना एक बघायचं. काही डिस्कमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायला पुढची सगळी उचलावी लागतात. अशा डिस्क साठ्यात नव्याने भरताना रखडतात. खोक्यावर लिहिलेलं नसतं. मॉडेलचा क्रमांक घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघायचं, मगच पैसे द्यायचे.

*

खंडेनवमीला पेटी बंद करते. मऊ ब्रशने धूळ काढते, पंखा पुसते, झेंडूचं एक फूल वर ठेवते. हळदकुंकू जाळीपासून लांब.

आणि त्याच दिवशी पाच फाइली चिपळूणहून परत आणते. लेक फोनवरून कुठल्याही पाच सांगतो, मी ठरवत नाही. उघडून पूर्ण बघायच्या, ऐकायच्या. गेल्या वर्षी पाचवी उघडली नाही. ती एका डेटाबेसची होती, चालू असतानाच कॉपी केलेली, म्हणून अर्धवट. तेव्हापासून आधी डेटाबेसचा रीतसर उतारा काढायचा, मग तो पाठवायचा.

*

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. मी नसेन तेव्हासाठी. मराठीत, मोठ्या अक्षरात. काळं बटण कुठलं, किती वेळ दाबायचं. कुठली डिस्क काढून कुठल्याही संगणकवाल्याकडे नेली तर तो काय विचारेल आणि त्याला काय सांगायचं. पासवर्ड असलेलं पाकीट कुठे आहे. चिपळूणला कुणाला फोन करायचा.

नवऱ्याला एकदा कागदावरून सगळं करायला लावलं, मी शेजारी गप्प बसून. तिसऱ्या ओळीला तो अडला. मी ‘साठा जोडा’ लिहिलं होतं, कसा ते नाही. कागद पुन्हा लिहिला. दुसऱ्या खेपेला आईने केलं, चष्मा लावून, एकेक ओळीवर बोट ठेवून. जमलं तिला.

*

दुसरा रविवार. ऊन दाखवून झालं, पाच तास अकरा मिनिटं, दोष शून्य. चिपळूणला रात्री लाईट नव्हती, नक्कल सकाळी सातला गेली. दादाने रास्पबेरी पायच्या हिरव्या दिव्याचा फोटो पाठवला.

तिसरं कऱ्हाड पहिल्यात मिसळायचं राहिलं आहे.